गाडीतली झोप

“बघ गं गार्गे, काका नवरदेव झाला!” असं म्हणत हिंदुराव भावजी गाडीत चढले. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, फेट्यासारखा. त्याचं टोक त्यांनी मुद्दाम कानावर सोडलं होतं. माझ्या मांडीवरची गार्गी खिदळली. त्यांच्यामागून चढणारा जालिंदर म्हणाला, “नवरदेव कसला! नारळ फुटलाय. यात्रेच्या आधीच.”

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाय वहिनी. शिडी लांब पडत हुती, म्हणून सरळ खाली उतरलो.”

मागच्या सीटवरचे सगळे हसले. रणजित, माझा नवरा, हसला नाही. तो गाडीच्या दाराशी आप्पांशी हळू आवाजात बोलत होता. आप्पा नुसती मान हलवत होते.

ती गाडी रणजितची. डिझेलवर चालणारी, मूळची मालाची बंद व्हॅन. पुढे ड्रायव्हर आणि आप्पा, त्यांच्यामागे सीटच्या दोन रांगा, मग लोखंडी जाळी आणि जाळीमागे सामान: वेल्डिंगचं मशीन, जनरेटर, कटर, दोरांची वेटोळी, स्क्रूंच्या पेट्या. निम्मी माणसं, निम्मा माल. ही सगळी मंडळी आमच्याच गावची, पाटणच्या वरच्या डोंगरातली. कारखान्यांच्या शेडवर पत्रे चढवायचं काम करायची. काम मात्र घाटाखाली, कोकणात. मीही गार्गीला घेऊन तिथंच भाड्याच्या खोलीत राहत होते. गावच्या चैत्राच्या यात्रेला आम्ही सगळे एकत्र निघालो होतो.

आप्पा त्यांचे मिस्त्री, वयानं मोठे. गाडीत त्यांचे दोन कायदे चालायचे. एक, माणूस जाळीमागं बसणार नाही, कितीही गर्दी होवो. दुसरा, गाडीत झोपलेल्याला कुणी उठवायचं नाही. चहाला गाडी थांबली तरी नाही. उंचीवर काम करणाऱ्याची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी त्याचा पाय चुकतो, असं ते म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ असाच अर्धवट झोपेतून उठून कामावर चढला होता आणि पडून वारला होता. त्यामुळं या कायद्यावर कुणी हसत नसे.

रणजित स्टिअरिंगवर येऊन बसला तशी मी मागून त्याच्या खांद्याला हात लावला. “खरं सांग, काय झालं?”

“शेवटचे चार पत्रे राहिले होते. फायबरच्या पत्र्यावर पाय पडला.”

शेडवर उजेडासाठी मध्ये मध्ये फायबरचे पत्रे टाकतात. धूळ बसली की वरून ते लोखंडी पत्र्यासारखेच दिसतात, आणि पाय पडला की पापडासारखे फुटतात.

“आणि सेफ्टी बेल्ट?”

“बेल्ट गाडीत भरून झाले होते. खाली, सगळ्या मालाच्या खाली. चार पत्र्यांसाठी कोण काढणार?”

“रणजित, दवाखान्यात दाखवून जाऊ या ना.”

हिंदुरावांनी ते ऐकलं. माझ्याच रांगेत, डाव्या खिडकीशी त्यांची जागा होती. आमच्यामध्ये मी गार्गीची पिशवी ठेवली होती. “वहिनी, दवाखान्यात गेलं की पैला प्रश्न, कुठं पडला? मग पोलीस. मग कंपनी. मग ठेकेदार म्हणणार, उद्यापास्नं येऊ नगा. आन् तकडं पालखी हलली म्हंजी? औंदा मान आमच्या भावकीचा हाय. पुढचा दांडा माझ्या खांद्यावर हाय, माझ्या!”

“डोकं दुखतंय का?”

“दुखणार न्हाय तर काय गाणं म्हणंल?”

“चक्कर? अंधारी?”

“डॉक्टरीन बाई,” मागून जालिंदर म्हणाला, “त्याच्या डोक्यात काय हाय म्हणून त्याला लागंल?”

पुन्हा हशा. गाडी निघाली.

मला काळजीची सवय होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गार्गी वेळेआधी जन्मली होती. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती, आणि एकदा तिचा श्वास मध्येच थांबला होता. नर्सनं तळव्याला टिचकी मारली तेव्हा तो परत सुरू झाला. तेव्हापासून ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. गाडीत, बाजारात, देवळात. रणजित वैतागायचा. जालिंदरनं तर एकदा गार्गी झोपलेली असताना स्वतःच्या नाकाखाली बोट धरून, डोळे पांढरे करून, “आप्पा, मी हाय का गेलो?” असं विचारलं होतं, आणि हिंदुराव हसता हसता ठसकले होते. माझं त्यांच्याशी चांगलं जमायचं ते याच कारणानं. ते हसायचे, पण नंतर खालच्या आवाजात विचारायचे, “चालू हाय न्हवं?”

आता मी बोट गार्गीच्या नाकाखाली धरलं होतं आणि बघत त्यांच्याकडे होते.

बाजारपेठ मागे पडली. ऊन चढलं. हिंदुरावांनी खिडकीचा पडदा ओढला, मग पंचा डोळ्यांवर घेतला.

“उजेड सोसत नाही का भावजी?”

“ऊन किती हाय बघा की.”

घाट सुरू व्हायच्या आधी जालिंदरनं यात्रेसाठी घेतलेली बाटली पिशवीतून काढली आणि सीटवरून पुढे केली. “घे दोन घोट. ठणका थांबतोय.”

“नका देऊ,” मी म्हणाले.

“अहो औषध हाय.”

आप्पा पुढून म्हणाले, “दोनच.” हिंदुरावांनी दोनच घोट घेतले. थोड्या वेळानं त्यांनी रणजितला हाक मारली, “थांब रं, थांब,” आणि दार उघडून रस्त्याच्या कडेला वाकले. सकाळचा चहा, चपाती, सगळं बाहेर पडलं.

जालिंदरला तर हसण्याच्या उकळ्या फुटल्या. “हिंद्याला गाडी लागली! आरं जल्मात न लागल्याली गाडी लागली! सांगतोच गावात.”

मी त्या शब्दांवर अडकले. जल्मात न लागलेली. रोज या गाडीत, याच सीटवर, याच डिझेलच्या वासात बसणारा माणूस. मी रणजितला म्हटलं, “ऐक, हे बरं नाही. मागे फिरू या. खाली मोठे दवाखाने आहेत.”

“दारूनं झालंय ते,” रणजित म्हणाला. “उपाशी पोटी दिली त्यानं.”

“उपाशी कुठं? चहा-चपाती आत्ता बाहेर पडली ना?”

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मग चिडून म्हणाला, “आप्पा आहेत ना? त्यांना कळत नाही का?”

हिंदुराव परत येऊन बसले. गार्गीच्या पायाचा अंगठा त्यांनी चिमटीत धरला, तिच्याशी काहीतरी बोलायला लागले आणि मध्येच थांबले. कुठला शब्द हवा होता तो त्यांना सापडला नाही. “जरा पडतो,” म्हणाले, आणि डोकं खिडकीला टेकवलं. लगेच झोप लागली. एवढ्या लवकर लागली, की झोप लागली असं म्हणायलाही मन धजेना.

घाटात पुढे एक लोड ट्रक होता. रणजितची गाडी त्याच्यामागे दुसऱ्या गिअरवर चढत होती. इंजिनाचा एकसुरी आवाज आणि त्यात आता हिंदुरावांचं घोरणं. आधी साधं, मग मोठं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. मागच्या सीटवरच्या एकानं त्या तालावर मांडीवर हलगी वाजवली. जालिंदर म्हणाला, “पालखी आली बघा!”

“भावजी,” मी हाक मारली. “अहो भावजी, पाणी घेता का?”

“झोपू दे गं पोरी,” आप्पा मान न वळवता म्हणाले. “झोपंनं उतार पडंल.”

“आप्पा, डोक्याला मार लागलेल्याला झोपू द्यायचं नसतं. कॉलेजच्या कॅम्पात आम्हाला शिकवलं होतं.”

“कॅम्पात,” आप्पा म्हणाले. टोमणा नव्हता तो, फक्त त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला. मग म्हणाले, “गाडीत झोपल्यालं माणूस मी आजवर उठवू दिलं न्हाय. हितंनं पुढं बी न्हाय देणार.”

त्यांच्या मानेवरची शीर ताणलेली मला मागून दिसत होती. ते घाबरले होते. आणि घाबरलेला माणूस जे नेहमी करतो तेच आणखी घट्ट धरतो.

मी काय करू शकत होते? हात पुढे करून परक्या पुरुषाला गदागदा हलवणं त्या गाडीत, आप्पांच्या देखत, मला जमणारं नव्हतं. आज हसू येईल कुणाला, पण तेव्हा मी त्या गावात नवी सून होते. मी नुसती बघत राहिले. घोरण्याचा एक आवाज, मग शांतता, मग एक लांब ओढलेला श्वास. पुन्हा शांतता. ती शांतता मला ओळखीची होती. काचेच्या पेटीसमोर उभं राहून मी ती ऐकली होती. गार्गीच्या नाकाखालचं बोट मी काढून घेतलं.

ती गाढ झोपली होती. ओठ किंचित उघडे, हनुवटीवर लाळ. मी तिच्या फ्रॉकखाली हात घातला, मांडीचं मऊ मांस दोन बोटांत धरलं आणि जोरात चिमटा काढला.

ती अशी किंचाळली की रणजितच्या हातून गाडी हलली. मी सोडलं नाही. पुन्हा काढला. तिनं श्वास आत ओढला, चेहरा लालबुंद झाला, आणि मग जो टाहो फोडला तो बंद गाडीच्या पत्र्यांवर आपटत राहिला. मी तिला उचलून हिंदुरावांच्या कानाशी धरलं.

“आगं काय चाललंय? गप कर की तिला!” रणजित ओरडला.

“वहिनी, मुंगी चावली का बघा,” जालिंदर म्हणाला.

मागचा एक जण दचकून जागा झाला होता. ट्रकवरचा क्लीनरसुद्धा मागे वळून बघत होता. आप्पांनी मान वळवली. सगळी गाडी गार्गीकडे बघत होती आणि गार्गी रडत होती, काही केल्या थांबत नव्हती. हिंदुरावांची पापणीसुद्धा हलली नव्हती.

“बघा,” मी म्हणाले. “बघा ना आप्पा. हे झोपलेले आहेत का?”

आप्पांनी सीटवरून वाकून त्यांचा गाल थोपटला. मग जोरात चापट मारली. मग दुसरी. “हिंद्या! ए हिंद्या! ऊठ लेका!” डोकं खिडकीवरून घसरलं आणि छातीवर आलं. आप्पांनी अंगठ्यानं त्यांची एक पापणी वर केली, मग दुसरी. मीही बघितलं. एका डोळ्याचं बुबुळ बारीक होतं. दुसऱ्याचं पसरलं होतं, भोकासारखं, आणि उजेड पडला तरी आकसत नव्हतं.

“थांबीव,” आप्पा म्हणाले.

वळणावर थोडी जागा होती. तिथं रणजितनं गाडी घेतली. सीटवर आडवं करायला जागा नव्हती, आणि बसवलं की मान लटकत होती. मागं फिरायचं तर अर्धा घाट उतरायचा होता. घाट चढून गेलं की पहिल्याच गावात सरकारी दवाखाना होता. आप्पा क्षणभर जाळीकडे बघत उभे राहिले.

“माल उतरवा,” ते म्हणाले.

“आप्पा, जनरेटर?” जालिंदरनं विचारलं. त्याचा आवाज आता वेगळाच होता.

“समदं. रस्त्यावर टाका. त्याला मागं झोपवायचा.”

जाळीमागं माणूस न बसवण्याचा कायदा आप्पांनी स्वतःच मोडला. त्यांनी मागचं दार उघडलं, आणि जे सामान एरवी चौघं मिळून जपून उतरवायचे ते भसाभस दगडांवर पडायला लागलं. स्क्रूंची पेटी फुटली. स्क्रू उतारावरून घरंगळत गेले. सगळ्यात खालून बेल्ट निघाले, नवेकोरे, घडी न मोडलेले. जालिंदरनं ते हातात घेतले आणि कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते गळ्यात घातले आणि तसाच रस्त्यावर बसला. तो आणि दुसरे दोघं मालाशी मागे राहिले.

मी गार्गीला आप्पांच्या हातात दिलं. तिला मी कुणाकडे देत नसे, सासूबाईंकडेसुद्धा क्वचित. आप्पांनी तिला घेतलं, आणि मी जाळीमागं चढले. दोरांवर हिंदुरावांना आडवं केलं होतं. मी त्यांना कुशीवर वळवलं, हनुवटी वर धरली आणि नाकाखाली बोट ठेवलं. चालू होतं. मध्ये मध्ये थांबत होतं, पण चालू होतं. गाडी हलकी झाल्यानं आता उसळत होती. प्रत्येक वळणावर मी एका हातानं जाळी धरत होते आणि दुसऱ्या हातानं त्यांचं डोकं.

घाट संपला तसा रणजितला ठेकेदाराचा फोन आला; मागे राहिलेल्यांनी कळवलं असणार. पुढं बोललेलं मला जाळीतून तुटक ऐकू येत होतं.

“हां साहेब… नाही, निघताना धड होता… हां, चालत गाडीत बसला ना… नाही साहेब, साइटचं नाव नाही… कळलं. कळलं म्हटलं ना.”

मग तो आप्पांशी काहीतरी बोलला. आप्पा गार्गीला थोपटत होते.

दवाखाना छोटा होता. दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. डॉक्टर माझ्याच वयाचे असतील, तरुण, डोळे चुरचुरत असल्यासारखे. स्ट्रेचर आणायला लावलं, नाडी बघितली, आणि वाकून वास घेतला.

“काय झालं?”

मी रणजितकडे बघितलं.

“यात्रेला निघालोय, डॉक्टर,” रणजित म्हणाला. “सकाळपासून घेत होता. घाटात उलटी झाली, मग उठेना.”

“किती घेतली?”

“अंदाज नाही. बरीच.”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना दर यात्रेला अशी माणसं बघायची सवय असणार. ते नर्सला म्हणाले, “सलाइन लावा. साखर बघा. खोकला-उलटी झाली तर कुशीवर ठेवा.” आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले.

ते दोन पावलं गेले असतील. रणजित जमिनीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, की तो मनात काहीतरी मोजतोय: गाडी, काम, कंपनीच्या गेटवरचा पास, आम्ही दोघी. मला त्याचा राग आला नाही. मला इतकंच कळत होतं की सलाइनची बाटली संपेपर्यंत हिंदुराव उरणार नाहीत.

“डॉक्टर,” मी म्हणाले. “ते दारूनं नाही झालं. ते शेडवरून पडलेत. सकाळी. फायबरचा पत्रा फुटला. नंतर उठून चालत आले, बोलले, हसले. मग उजेड सोसेना. उलटी झाली. शब्द सापडेना. मग झोपले आणि उठले नाहीत. दारू दोन घोट, तीही पडल्यानंतर.”

“गप बस,” रणजित म्हणाला, पण तोंडातल्या तोंडात.

“डावं बुबुळ बघा. मोठं झालंय.”

डॉक्टर परत आले. टॉर्च मारला. एका क्षणात त्यांची झोप उडाली. त्यांनी हिंदुरावांच्या डोक्याचा पंचा सोडला, केसांत बोटं फिरवली, कानाच्या वर थांबली. “कोण म्हणालं दारू?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाटही बघितली नाही. “ॲम्ब्युलन्स काढा. कऱ्हाडला फोन लावा, डोक्याचा पेशंट येतोय म्हणावं. बाई, तुम्ही बरोबर जा. जे मला सांगितलंत तेच तिथं सांगा. असंच, याच क्रमानं.”

मी ॲम्ब्युलन्समध्ये चढले. गार्गीला आप्पांनी खिडकीतून माझ्याकडे दिलं. तिच्या मांडीवर दोन निळे डाग उठले होते. आप्पांनी ते बघितले होते.

“पोरी,” ते म्हणाले. मग त्यांनी तिचा फ्रॉक खाली ओढला.

त्या संध्याकाळी कऱ्हाडला हिंदुरावांच्या कवटीतलं रक्त काढलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बघायलाच नको होतं. जगतील. कसे, ते आत्ता सांगता येणार नाही. वैजयंता, हिंदुरावांची बायको, तोपर्यंत गावाहून आली होती. यात्रेचं हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, कपाळाला गुलाल. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. ती मला धरून खूप रडली आणि मीही रडले. गार्गी आमच्या दोघींच्या मध्ये चेंगरली आणि तीही रडली. “तुमच्यामुळं, ताई,” ती म्हणत राहिली. “तुमच्यामुळं हाय माझं कुकू.”

पोलिसांनी पंचनामा केला. कंपनीनं ठेकेदाराला हाकललं, ठेकेदारानं आमच्या माणसांना. रणजितला त्या भागात कुणी काम दिलं नाही. गाडी त्यानं भाजीच्या मार्केटला लावली, सीट काढून टाकल्या, नुसता माल. माझ्याशी तो बरेच दिवस कामापुरतं बोलायचा. नंतर एकदा, कांद्याची पोती उतरवून आल्यावर, पाय धुता धुता म्हणाला, “तू बोलली नसतीस तर मी बोललो नसतो. शेवटपर्यंत.” मी त्याला पाय पुसायला पंचा दिला. तेव्हापासून आमचं पुन्हा नीट सुरू झालं.

हिंदुराव जगले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. माणसं ओळखतात की नाही, यावर डॉक्टर आणि गाव यांचं एकमत नव्हतं.

दर यात्रेला आम्ही त्यांच्या घरी जायचो. दारातल्या खाटेवर, उशा लावून त्यांना बसवलेलं असायचं. पालखी दारावरून जायची तेव्हा आप्पा त्यांचा डावा हात धरून दांड्याला लावायचे. शेजारपाजारच्या बायका मला बघून गोळा व्हायच्या. बाहेरगावचं कुणी असलं की त्यांना सांगायच्या, “ह्याच त्या. ह्यांनीच वाचीवलं हिंदबाला. पोटच्या पोरीला चिमटं काढलं.” मग वैजयंता पदर खोचून पुढं यायची आणि माझ्यापुढं हात जोडायची. मी तिचे हात हातात घ्यायचे. दर वर्षी हे असंच.

गेल्या यात्रेला गार्गी माझ्याबरोबर आली नाही, परीक्षा होती. रणजित पुढं देवळात गेला होता. मी हिंदुरावांना शिऱ्याचा घास भरवला. अर्धा बाहेर आला. वैजयंतानं तो पदरानं पुसला, एका हातानं त्यांची मान सरळ केली, दुसऱ्या हातानं खाली अंथरलेलं प्लास्टिक ओढून बघितलं, ओलं झालंय का. हे सगळं माझ्याशी बोलता बोलता. तिचे केस पुढून पांढरे झाले होते. ती माझ्याहून लहान आहे.

बायका जमल्या. बोलायचं ते बोलल्या. वैजयंतानं हात जोडले.

निघाले तेव्हा हिंदुरावांना आत निजवून ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. हातात दोन बादल्या होत्या, तिथल्या नळावर जायचं होतं.

“ताई, एक बोलू? राग धरू नका.”

“बोल ना वैजू.”

“पुढच्या यात्रंला आमच्या घरी येऊ नका.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. नळाकडे बघत होती.

“तुम्ही लई चांगल्या हाय. तुमच्याविषयी माझ्या मनात वाईट काय न्हाय, देवाशप्पथ. पर तुम्ही आला की गल्ली गोळा हुती. ह्यांच्यामुळं वाचला, ह्यांच्यामुळं वाचला. मग मी हात जोडती. जोडावंच लागत्यात. समदी बघत असत्यात न्हवं, जोडती का न्हाय ते.”

“वैजू…”

“रोज त्यांना उचलताना माझ्या मनात काय काय येतंय, ते मी कुणाला सांगितलं न्हाय. देवाला बी न्हाय. आन् वर्षातनं एकदा तुमच्याम्होरं उभं ऱ्हायाचं, आन् लई उपकार झालं म्हणायचं.” तिनं बादल्या खाली ठेवल्या, कडीचे वळ पडलेले तळवे चोळले. “आता जोडवत न्हाईत, ताई.”

दूर पालखीचं वाजत होतं. मी तिच्या हाताला हात लावायला गेले आणि मध्येच थांबले.

“बरं,” मी म्हणाले. “नाही येणार.”

“रागावला न्हाय न्हवं?”

“नाही गं.”

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा, आणि खरोखरचं. नळाखाली बादल्या भरून झाल्यावर तिनं त्या उचलल्या. तेवढ्यात घरातून आवाज आला. शब्द नव्हता तो, नुसता आवाज, लांबलेला, दोनदा.

“आली हं, आली,” ती म्हणाली, आणि दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन जवळजवळ पळतच गेली. पाणी सांडत होतं. दार तिनं पायानंच लोटून घेतलं.